कड्यावर जाण्याआधी

पोरी,

या सप्टेंबरपासून इथे कॉर्नवॉलमध्ये गॉड्रेव्हीच्या कड्यावरची सीलची नोंद तू करणार, हे तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. प्रशिक्षणात तुला तक्ता भरायला शिकवतील, कड्यावरच्या सुरक्षेचे नियम सांगतील. ते नीट ऐक. पण काही गोष्टी तक्त्यात मावत नाहीत. मला त्या इथल्याच एका वयस्क बाईंनी सांगितल्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य सेंट आइव्ह्जच्या उपसागराकाठी गेलं. आता माझे गुडघे कड्याच्या वाटेवर साथ देत नाहीत, म्हणून ते सगळं तुझ्या कानावर घालून ठेवते.

सगळ्यात आधी हे: आपण येऊन गेलो हे सीलला कळता कामा नये. बाकीचं सगळं यातूनच निघतं. तू चाळीस सील मोजलेस, फोटो उत्तम आले, पण तुझ्या चाहुलीने त्यातले दहा पाण्यात गेले, तर ती नोंद त्या जागेची राहत नाही. आणि नोंदीचं जाऊ दे, त्या दहांची विश्रांती आपण मोडली. सील चैन म्हणून खडकावर पडत नाही. समुद्रात खोल बुड्या मारून, मासे पकडून दमलेला प्राणी वर येतो तो झोपायला, खाल्लेलं पचवायला आणि अंग कोरडं करायला. ती त्याची गरज आहे.

आता वेळेचं. ओहोटीला खडक आणि वाळू उघडी पडते तेव्हा सील वर येतात. गॉड्रेव्हीच्या टोकाशी कड्याखाली मटन कोव्ह नावाची जी चिंचोळी पुळण आहे, ती भरतीत जवळजवळ पाण्याखाली जाते. म्हणून ओहोटीच्या आगेमागे दीड-दोन तास हीच आपली वेळ. कोकणात हर्णैला तुझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास. इथे नेमकं उलट आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला इथे अकरा-बाराच्या सुमारास ओहोटी असते, आणि अष्टमीच्या भांगाला ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी गाठावी लागते. तेव्हा आजोबांचा हिशोब भरतीऐवजी ओहोटीला लाव, म्हणजे आठवडा कसा आखायचा त्याचा अंदाज घरबसल्या येईल. नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचं छोटं पुस्तक मिळतं ते घे. त्यात छापलेली वेळ ग्रीनिचची आहे की उन्हाळी, हे पहिल्या पानावर बघ. ग्रीनिचची असेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यात एक तास मिळवायचा.

उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि पुळण खुणावते. खाली उतरायचं नाही. कडा ढासळता आहे, आणि खाली माणूस दिसला की एकही सील तिथे थांबत नाही. आपलं काम वरूनच.

वर पोचण्याची एक रीत आहे. गाडीचं दार हळू लाव. बोलणं वाटेवरच संपव, कारण कड्यावरचा आवाज त्या घळीत घुमत खाली जातो. पिशवीची चिकटपट्टी आणि जॅकेटची चेन आधीच उघडून ठेव. करकर वाजणारा रेनकोट घालू नकोस, गडद रंगाचं मऊ कापड बरं. वारा कुठून आहे ते बघ. तुझ्याकडून त्यांच्याकडे वाहत असेल तर थोडी लांबून, वळसा घालून ये, कारण त्यांना वास लागतो. शेवटची काही पावलं वाकून टाक आणि कडेपासून मागे राहून बस किंवा पालथी हो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या माणसाची आकृती त्यांना लगेच दिसते, बसलेल्याची तितकी दिसत नाही. मग दहा मिनिटं काहीच करू नकोस. कॅमेरा पिशवीतच राहू दे. या दहा मिनिटांत खालचे सील कसे आहेत ते कळतं: कोण गाढ झोपलंय, कोण खाजवतंय, कोणाचं कोणाशी पटत नाही. डोकं आणि मागचे पाय दोन्ही वर उचलून पडलेला सील दिसला तर त्याला काही होत नाहीये असं समज, तो निवांत आहे. आपले स्वयंसेवक त्याला ‘केळं’ म्हणतात. पाण्यात नाक तेवढं वर ठेवून उभ्याउभ्या तरंगणारा सीलही झोपलेलाच असतो. त्याला बुडणारा समजून लोक फोन करतात, तेव्हा शेजारी कोणी घाबरलं तर समजावून सांग.

मोजताना एका कडेने सुरुवात कर. आजी सुपातले तांदूळ निवडायची तशी नजर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न्यायची, मध्ये उडी नाही. डावीकडून उजवीकडे एकदा, मग उजवीकडून डावीकडे एकदा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. खडकाच्याच रंगाचे सील खडकाला चिकटून पडलेले असतात. ते दुर्बिणीशिवाय सुटतात. आठ पटीची दुर्बीण पुरे. दहा पटीची हातात थरथरते आणि वाऱ्यात तर तिचा उपयोगच होत नाही. पाण्यातले वेगळे मोज, जमिनीवरचे वेगळे. हिवाळ्यात, कात टाकायच्या दिवसांत, या एवढ्याशा पुळणीवर कधीकधी शंभराच्या वर सील पडलेले असतात. तेव्हा घाई केलीस तर आकडा हाताबाहेर जातो.

इथे दिसतात ते जवळजवळ सगळे ग्रे सील. जगातल्या ग्रे सीलपैकी सुमारे एक तृतीयांश ब्रिटनच्या किनाऱ्यांवर आहेत, म्हणून इथल्या नोंदीला वजन आहे. पण एखादा हार्बर सील चुकून इकडे येतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. रंगावर जाऊ नकोस, रंग फसवतो. डोकं बाजूने बघ. ग्रे सीलचं कपाळ आणि नाक एका सरळ, लांब रेषेत उतरतं. हार्बरच्या कपाळाखाली खळगा असतो आणि तोंड आखूड. समोरून नाकपुड्या बघ. ग्रेच्या नाकपुड्या एकमेकींपासून सुट्या, जवळजवळ समांतर. हार्बरच्या खाली येऊन जुळतात. पिल्लांच्या बाबतीत ही गल्लत जास्त होते, कारण ग्रेच्या लहान पिल्लाचं तोंडही आखूडच असतं. तिथे नाकपुड्याच विश्वासाच्या.

नर-मादीचं सांगते. मोठ्या नराची मान जाड, वळ्या पडलेली, जखमांच्या खुणांनी भरलेली, नाक रुंद. अंग गडद आणि त्यावर फिकट डाग. मादी बहुतेक उलट: फिकट अंगावर गडद डाग, मान बारीक. पोट दिसलं तर शंकाच राहत नाही, कारण नराला बेंबीच्या खाली आणखी एक छिद्र असतं. ठरवता आलं नाही तर ‘अनिश्चित’ लिही. तो रकाना त्यासाठीच आहे, तो भरायला संकोच नको.

आता खऱ्या कामाकडे येते. नुसत्या मोजणीतून कळतं की आज साठ होते. काल पंचावन्न होते तर पाच नवे आले, की सगळे साठही निराळे, हे मोजणी सांगत नाही. ते अंगावरच्या खुणांवरून एकेक सील ओळखल्यावरच कळतं. ग्रे सीलने पिल्लाची पांढरी लव टाकली की जी नक्षी अंगावर येते, ती आयुष्यभर टिकते. मादी तिशी ओलांडते, पस्तिशीपर्यंतही जगते. म्हणजे आज तू काढलेला फोटो तुझे केस पांढरे झाल्यावरही कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कॉर्नवॉलमध्ये सू सेयर बाईंनी आणि त्यांच्या सील रिसर्च ट्रस्टच्या स्वयंसेवकांनी अशाच फोटोंवरून एकेका सीलचं चरित्र उभं केलं. इथे दिसलेले सील वेल्समधल्या स्कोमर बेटावरही दिसतात, हे या फोटोंच्या जुळणीतूनच समजलं.

फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघ. वेळ चुकली की सगळी ओळ चुकते. पहिला फोटो पूर्ण पुळणीचा, मग मोजलं त्याच क्रमाने एकेकाचा. डोकं आणि मान मिळाली पाहिजे, डावी बाजू आणि उजवी बाजू दोन्ही. दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी असते, त्यामुळे एका बाजूच्या फोटोवरून दुसरी बाजू कधीच गृहीत धरायची नाही. सील वळेपर्यंत थांब. तो वळतोच, शेजाऱ्याने धक्का दिला की वळतो. त्याने वळावं म्हणून शिट्टी, टाळी, खडा असलं काही करायचं नाही. ओल्या अंगावर नक्षी उठून दिसते. वाळलं की फिकी पडते, आणि कात टाकायच्या आधी तर सगळा सील तपकिरी एकसारखा दिसतो. म्हणून नुकताच पाण्यातून वर आलेला सील आधी टिप. ‘ओला’ की ‘कोरडा’ हेही शेजारी लिही. अंधुक फोटो तिथेच पुसू नकोस, घरी मोठ्या पडद्यावर त्यातही मानेचा एखादा डाग सापडतो.

घरी जुळवणीला बसशील तेव्हा डाग वेगळा बघू नकोस, डागांमधलं अंतर बघ. मला एक मादी पक्की ठाऊक आहे. तिच्या डाव्या मानेवर, कानाच्या मागे, अर्धचंद्र आहे आणि त्यावर एक ठिपका. माझ्या वहीत तिचं नाव ‘चंद्रबिंदू’. पण ती ओळखायची ती अर्धचंद्रावरून नाही. तसे अर्धचंद्र बऱ्याच जणींना असतात. त्याच्या खाली दोन बोटं सोडून एक तिरकी जोडरेघ आहे, आणि रेघेच्या मागच्या टोकाला तुटलेली कडी. अर्धचंद्र, रेघ, कडी, तिन्ही आपापल्या जागी असतील तरच ती चंद्रबिंदू. निदान तीन खुणा जुळल्याशिवाय नाव लावायचं नाही, आणि जुळल्या तरी दुसऱ्या कुणाला तरी न सांगता दाखवायचं. त्यांनीही तेच नाव घेतलं तर पक्कं. मान वळवली की नक्षी ताणली जाते, आखडते, त्यामुळे एकाच सीलचे दोन फोटो वेगळे वाटू शकतात. जुळत नसेल तर न जुळलेल्यांत ठेवून दे. पुढच्या हिवाळ्यात दुसरा फोटो येतो आणि कोडं आपोआप सुटतं. ओळख पटली या आनंदापोटी नाव चिकटवलं तर एका सीलच्या चरित्रात दुसऱ्याचं आयुष्य मिसळतं, आणि ते नंतर निस्तरणं फार अवघड.

पिल्लांविषयी जास्त सांगते, कारण तू जातेस ते दिवस पिल्लांचेच आहेत. कॉर्नवॉलमध्ये ग्रे सील ऑगस्टअखेरीपासून शरद ऋतूभर वितात. पूर्वेला नॉरफकच्या किनाऱ्यावर हाच हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. जन्मतः पिल्लू चौदा किलोच्या आसपास. आईचं दूध निम्म्याहून जास्त चरबीचं, आणि ते मिळतं जेमतेम तीन आठवडे. तेवढ्यात पिल्लू पंचेचाळीस किलोपर्यंत जातं. या काळात आई काही खात नाही, अंगातली चरबी वितळवून दूध देते. तीन आठवड्यांनी ती निघून जाते, परत येत नाही. म्हणून त्या दिवसांत कुणी आईला एकदा पाण्यात हुसकावलं तर पिल्लाचं एक पाजणं गेलं. अशी चार-पाच गेली तर ते लव टाकेपर्यंत पुरेसं जाड होत नाही आणि हिवाळ्याच्या समुद्रात टिकत नाही.

वय असं ओळख. अंगावर कातडीच्या सैल घड्या, लव पिवळट, नाळेचा गुलाबी तुकडा लोंबतोय, तर एक-दोन दिवसांचं. घड्या गेल्या, लव पांढरीशुभ्र, मान अजून दिसते, तर आठवड्याभराचं. मान दिसेनाशी झाली, अंग गोल झालं, तर दुसरा-तिसरा आठवडा. तोंडावरची आणि पायांवरची लव आधी जाते, मग पुठ्ठ्यावर पांढऱ्याचे ठिगळ उरतात, आणि शेवटी सगळं नवं, करडं अंग. त्यानंतर काही दिवस ते उपाशीच पडून राहतं आणि मग एके दिवशी आपणच समुद्रात जातं. त्याला कुणी शिकवत नाही.

एकटं पिल्लू म्हणजे टाकलेलं पिल्लू नव्हे. आई बहुधा जवळच्या पाण्यातून डोकं वर काढून बघत असते, आणि आपण पिल्लाजवळ उभे राहिलो तर तीच वर यायची थांबते. पिल्लाला उचलायचं नाही, पाण्यात ढकलायचं नाही, अंगावर पाणी ओतायचं नाही. जाणारे-येणारे हे तिन्ही प्रेमानेच करतात, म्हणून त्यांच्यावर ओरडू नकोस, पण ठामपणे थांबव. कुत्रा असेल तर आधी तो दोरीला लाव म्हणावं. पिल्लू हाडं दिसण्याइतकं वाळलंय, जखम आहे, खोकतंय, डोळ्यांतून घाण येतेय, तर लांबूनच फोटो काढ आणि ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यूला फोन कर. त्यांचा नंबर फोनमध्ये आजच घालून ठेव. आणि मी आयुष्यभर नर्स होते म्हणून सांगते: सीलच्या चाव्याने बोट सुजतं, सांध्यापर्यंत जातं, आणि नेहमीच्या पेनिसिलिनने बरं होत नाही. टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं. कुणाला चावलंच तर डॉक्टरांना ‘सील चावला’ हे शब्द स्पष्ट सांगायचे. पिल्लाच्या जागेचं नाव फेसबुक-इन्स्टाग्रामवर कधीच टाकू नकोस, दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते.

सील विचलित झाले की त्याची वेगळी नोंद करतात. पायऱ्या तीन: डोकं वर करून बघितलं, जागेवरून सरकले, पाण्यात गेले. डोकं वर झालं तिथेच सावध व्हायचं, कारण शंभरांतला एक घाबरून पळाला की बाकीचे त्याच्या मागे धावतात, पोट खडकांवर घासत, आपटत. मादी वर्षातला बराचसा काळ गाभण असते, हे लक्षात घेऊन त्या धावण्याकडे बघ. कोणामुळे झालं तेही लिही: कायाक, बोट, ड्रोन, कुत्रा, वरचा माणूस, की नुसताच घसरलेला दगड. बोटीचं नाव दिसलं तर तेही. राग लिहू नकोस. वेळ, अंतर, किती पाण्यात गेले, किती परत आले, एवढ्याने काम होतं. असल्या कोरड्या नोंदींवरूनच सूचनांचे फलक लागतात आणि बोटवाल्यांशी बोलणी होतात.

गळ्यात जाळं अडकलेला सील दिसेल. दिसेलच, मनाची तयारी ठेव. कॉर्नवॉलमधल्या एका जागेवर 2004 ते 2008 या वर्षांत केलेल्या अभ्यासात दरवर्षी सरासरी 3.6 ते 5 टक्के सील जाळ्यात नाहीतर दोऱ्यात अडकलेले किंवा तसल्या जखमांचे आढळले होते. मी पाहिलेल्या एका मादीच्या मानेत हिरवा नायलॉनचा धागा इतका रुतला होता की तो दिसतच नव्हता. दिसत होती ती लाल रेघ, आणि तिने मान खाली केली की रेघ मिटायची. म्हणून प्रत्येकाची मान वर झालेली असताना एकदा बघ. दोन्ही बाजूंचे फोटो, दोऱ्याचा रंग, जाडी, जखम ताजी की जुनी, सगळं टीप आणि लगेच कळव. आपण सोडवायला जायचं नाही. तो पाण्यात पळतो आणि फास तसाच राहतो. मधोमध भोक असलेली प्लॅस्टिकची उडती चकती हेही मोठं संकट आहे. लहान सील खेळताना त्यात डोकं घालतो आणि वाढत्या मानेला ती कापत जाते. नॉरफकमध्ये ईस्ट विंचला आरएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेच्या केंद्रात 2017 साली अशीच एक मादी आणली होती; तिला ‘मिसेस फ्रिस्बी’ म्हणत. किनाऱ्यावर अशी चकती सापडली की ती कापूनच कचऱ्यात टाक.

मेलेला सील दिसला तरी नोंद आणि फोन. 1988 मध्ये आणि पुन्हा 2002 मध्ये डिस्टेंपर रोगाच्या साथीने युरोपात हार्बर सील हजारोंनी मेले. दोन्ही वेळा पहिल्या खुणा डेन्मार्कच्या आन्होल्ट बेटावर दिसल्या होत्या. कुणीतरी किनाऱ्यावर बघत होतं म्हणून ते लवकर समजलं.

कोळ्यांशी भांडू नकोस. 1 मार्च 2021 पासून इंग्लंडमध्ये जाळ्याचं नुकसान करतो म्हणून सील मारायची सवलत कायद्याने गेली, आणि मला ते योग्यच वाटतं. पण सील जाळ्यातला मासा खातो, जाळं फाडतो, हेही खरं आहे, आणि फाटलेलं जाळं म्हणजे काय हे हर्णैच्या घरात वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. बंदरावर त्यांच्याजवळ बस, चहा पी, ऐक. कुठल्या खडकावर कधी सील असतात हे त्यांना आपल्या आधी ठाऊक असतं.

नोंद त्याच रात्री पाठव. दुसऱ्या दिवशी ‘अर्धवट झोपलेला मोठा नर’ आणि ‘मानेवर जखम असलेला नर’ हे एकच होते की दोन, ते आठवत नाही. आणि कधी तू ओहोटी साधून जाशील, पाऊस-वाऱ्यात बसशील, आणि खाली एकही सील नसेल. तेव्हा शून्य लिहून पाठव. रिकामा दिवस गाळला तर पुढे हिशोब करणाऱ्याला वाटतं की त्या दिवशी कुणी गेलंच नव्हतं.

सप्टेंबरअखेर पहिलं मोठं वादळ येतं. त्या दिवशी कड्यावर जायचं नाही, कितीही वाटलं तरी. वारा पडल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला जा, आणि एकटी नको, सोबत कोणाला तरी घे. लाटांनी पिल्लं दुसऱ्याच पुळणींवर, लोकांच्या वाटेवर येऊन पडलेली असतात, आणि एकाने फोनवर बोलायचं तर दुसऱ्याने कुत्री अडवायची असतात. थर्मासमध्ये चहा जास्तीचा ने. मदतीला येणाऱ्यांना पोचायला वेळ लागतो. माझी जुनी दुर्बीण बाबाबरोबर पाठवते आहे. तिच्या डाव्या भिंगाचं चाक थोडं घट्ट आहे, घरातच फिरवून ठेव.

तुझी आत्या